कराओके आणि साथीदाराचा कान

आज जगभर दिसणारा कराओके बार ज्या गल्ल्यांमध्ये रुजला, त्या जपानच्या कोबे शहरातल्या सान्नोमिया भागातल्या. 1868 मध्ये परदेशी व्यापाराला खुले झालेले हे बंदर. परदेशी वस्तू आणि परदेशी संगीत दोन्ही तिथे लवकर आले, आणि रात्रीच्या बारमध्ये वाद्ये वाजवून पोट भरणाऱ्यांची तिथे चांगली वस्ती होती. त्यांच्यापैकीच एक दाइसुके इनोउए, ध्वनिमुद्रित साथीवर गाण्याचे कराओके यंत्र पुढे बनवणारे. मी स्वतः भजनी मंडळात पेटीची साथ करतो, म्हणून असेल कदाचित, पण त्यांची गोष्ट मला यंत्राच्या शोधापेक्षा संगतीची गोष्ट म्हणून अधिक भिडते.

या बारचे स्वरूप आधी समजून घ्यायला हवे. जागा लहान असते, एका लांब फळीपलीकडे मालकीण उभी असते, तिला सगळे ‘मामा’ म्हणतात, आणि अलीकडे दिवसभराच्या कामानंतर आलेली ओळखीची मंडळी बसलेली असतात. यंत्र येण्यापूर्वीही इथे गिऱ्हाईक गातच होते. त्यांच्या साथीला बारमधला वादक असे, किंवा गिटार घेऊन या दारातून त्या दारात फिरणारे, ‘नागाशी’ म्हणून ओळखले जाणारे वादक असत. इनोउए यांना स्वरलिपी वाचता येत नसे आणि आपण काही मोठे वादक नाही, हे ते मोकळेपणाने सांगत. त्यामुळे त्यांचा सारा भर समोरच्या गाणाऱ्यावर राहिला. गिऱ्हाईक जिथे रेंगाळेल तिथे आपण रेंगाळायचे, त्याचा आवाज वर पोहोचत नसेल तर पट्टी उतरवायची, तो अंतऱ्यात अडखळला तर त्याला सावरून घ्यायचे. ज्याने कधी हौशी गायकाला साथ केली आहे, त्याला हे काम किती अवघड असते हे वेगळे सांगायला नको. कसलेल्या गायकामागे वाजवणे त्या मानाने सोपे असते, कारण तो लय सोडत नाही.

अशाच एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने, एका छोट्या कंपनीच्या मालकाने, आपल्या सहलीला साथ करायला येण्याची त्यांना गळ घातली. इनोउए यांना जाणे शक्य नव्हते, म्हणून त्या गृहस्थांच्या आवडीच्या गाण्यांची साथ, त्यांच्याच पट्टीत आणि त्यांना झेपेल अशा लयीत, फितीवर ध्वनिमुद्रित करून त्यांनी पाठवून दिली. तो माणूस त्या फितीबरोबर गायला आणि खूश होऊन परतला. वादक स्वतः हजर नसला तरी त्याची साथ हजर राहू शकते, ही कल्पना इथून सुचली.

1971 मध्ये इनोउए आणि त्यांच्या मित्रांनी ‘एट ज्यूक’ नावाची 11 यंत्रे तयार करून घेतली. त्या काळी मोटारीत वापरत तसला आठ ट्रॅकचा टेपरेकॉर्डर, ध्वनिवर्धक, माइक आणि 100 येनचे नाणे टाकण्याची पेटी, एवढाच त्याचा ऐवज होता. त्या कार्ट्रिजमधली फीत टोकाला टोक जोडलेली असल्यामुळे ती उलटी गुंडाळत बसावी लागत नसे, आणि गर्दीच्या बारमध्ये ही सोय फार मोलाची होती. यंत्रे विकण्याऐवजी त्यांनी ती बारना भाड्याने दिली. माझ्या मते खरी कारागिरी मात्र फितींमध्ये होती. मूळ गाण्यांच्या तबकड्या वापरण्याऐवजी त्यांनी सामान्य माणसाच्या गळ्याला पेलतील अशा पट्ट्यांमध्ये साथ नव्याने वाजवून घेतली.

न्यायाने सांगायचे तर त्यांच्या चार वर्षे आधी, 1967 मध्ये, टोकियोच्या शिगेइचि नेगिशी यांनीही असेच यंत्र बनवले होते. जानेवारी 2024 मध्ये, वयाची शंभरी पूर्ण करून, ते निवर्तले. त्यांचे यंत्र काही ठिकाणांहून परत आले, कारण पोटावर पाय येईल या भीतीने फिरत्या वादकांनी बारमालकांकडे त्याविरुद्ध तक्रार केली होती. त्या वादकांची भीती खोटी नव्हती. पुढे ते बहुतेक बारमधून दिसेनासे झाले, आणि हा व्यवसाय बुडाल्याचे दुःख मला या सगळ्या आनंदाच्या इतिहासात विसरता येत नाही.

इनोउए यांनी पेटंट घेतले नाही. उपलब्ध भागच आपण एकत्र जोडले आहेत, अशी त्यांची भूमिका होती. फिलिपिन्सच्या रॉबर्तो देल रोसारियो यांनी मात्र तशाच आपल्या यंत्राचे पेटंट मिळवले आणि 1996 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. इनोउए यांना पैसा नाही तरी नाव मिळाले: 1999 मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांना शतकातल्या प्रभावी आशियाई व्यक्तींमध्ये गणले, आणि 2004 मध्ये त्यांना शांततेचे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामांसाठी नोबेलच्या धर्तीवर दिले जाणारे गमतीदार पारितोषिक, मिळाले.

पुढे लेझर डिस्क आली, पडद्यावर शब्द उमटू लागले, आणि बारच्या बाहेर बंद खोल्यांमधून कराओके चालू लागले. या बदलांमध्ये मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पट्टी वर-खाली करण्याचे बटण. ठरलेल्या फितीमुळे गाणाऱ्यालाच साथीच्या मागे धावावे लागत होते. या बटणामुळे साथ पुन्हा थोडीफार त्याच्याकडे वळली.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत हौशी गायकांचे कराओके गट आहेत, आणि तिथे मी वारंवार पाहतो की गाणाऱ्या बाई मूळ गायकाच्या पट्टीत ओढाताण करत असतात, कारण ट्रॅक तसाच मिळाला म्हणून तसाच लावला जातो. मोबाइलवरही आज पट्टी आणि लय दोन्ही बदलता येतात. आमच्या मंडळींच्या कार्यक्रमाआधी आम्ही प्रत्येकाला पेटीवर मुखडा आणि अंतऱ्याचा सर्वांत वरचा स्वर गायला लावतो, त्याची पट्टी काळी एक की पांढरी पाच हे वहीत लिहून घेतो, आणि मगच ट्रॅक त्या पट्टीत उतरवून ठेवतो. ज्येष्ठांसाठी लयही किंचित कमी करतो. या कामाला एक संध्याकाळ लागते, आणि ती आम्ही तालमीच्या वेळेतच धरतो.