झोप मनगटावरून नाही मोजत हो

मालवणात जेट्टीवर हल्ली खलाशापासून लॉजवाल्यापर्यंत सगळ्यांच्या मनगटावर ते स्मार्ट बँड दिसतं, आणि सकाळी टपरीवर चहाला जमले की कोणाला किती डीप स्लीप मिळाली याच्या गप्पा. ट्रॉलरवरचा एक दोस्त तर परवा वैतागून म्हणाला, "ह्या घड्याळ सांगता, मी रातभर निजाकच नाय!" निजला होता मस्त, पण ट्रॉलर नांगरावर डुलत होता ना. त्या बँडात एक हालचाल पकडणारा सेन्सर असतो आणि खाली हिरवा लाईट, तो कातडीखालच्या रक्तावरून नाडी बघतो. बस, एवढ्यावर सगळा अंदाज. उलट तुम्ही रात्री तीन वाजता कर्जाच्या हप्त्याचा विचार करत गप पडून राहा, तीसुद्धा झोपच धरली जाण्याची शक्यता जास्त. झोप ठरते मेंदूत, आणि मेंदू काही मनगटात नसतो.

मला यात रस आला तो आमच्या तात्यांमुळे. तात्यांचं घोरणं पडवीतून माजघरात ऐकू येतं, त्याचं काकीला काही नाही, सवय झाली म्हणते, पण मधेच आवाज एकदम बंद व्हायचा आणि मग गचका देऊन श्वास यायचा, त्याला ती घाबरायची. दिवसा तर विचारू नका, जत्रेला दशावतार बघायला गेलो तर सुरुवातीचा संकासुर येऊन जायच्या आतच तात्या खुर्चीत पेंगायला लागलेले. डॉक्टर म्हणाले स्लीप स्टडी करा, मग गेलो कोल्हापूरला.

तिथला टेक्निशियन पोरगा टेप घेऊन डोकं मोजत बसला, पेन्सिलीने खुणा केल्या, मग कातडी घासून पेस्ट लावून एकेक वायर चिकटवली. डोक्यावर, डोळ्यांच्या बाजूला, हनुवटीवर, पायांवर, शिवाय छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाखाली नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. तात्या म्हणाले, "आता झोप कशी लागायची रे?" रास्त प्रश्न आहे, नव्या जागी पहिल्या रात्री माणूस कमीच झोपतो, लॅबवाल्यांना ते माहीत असतं. मग तो शेजारच्या खोलीत गेला आणि स्पीकरवरून सूचना सुरू, काका डोळे डावीकडे, आता उजवीकडे, दात दाबा, पाय हलवा. प्रत्येक वायर नीट बोलतेय ना ते बघायला.

हनुवटीवर वायर कशाला हे मी विचारलंच. तर स्वप्नांची जी झोप असते, आरईएम म्हणतात ती, तिच्यात मेंदूच्या लहरी जवळजवळ जाग्या माणसासारख्या दिसतात. फरक कळतो तो दोन गोष्टींनी, बंद पापण्यांमागे डोळे झपाझप फिरतात आणि हनुवटीचा स्नायू पार ढिला पडतो. हे डोळे फिरणं शिकागोत यूजीन ॲसेरिन्स्कीने पकडलं, तेही स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला मशीनला जोडून, आणि त्याचे प्राध्यापक क्लाइटमन यांच्याबरोबर १९५३ मध्ये छापलं. त्याआधी झोप म्हणजे मेंदू बंद, असंच बहुतेकांना वाटायचं.

आता मजा ऐका. अख्खी रात्र ३० सेकंदांच्या तुकड्यांत कापतात आणि प्रत्येक तुकड्याला एक नाव देतात, जागा, एन१, एन२, एन३ (हलक्या झोपेपासून गाढ झोपेपर्यंत) किंवा आरईएम. ८ तासांचे ९६० तुकडे. ३० सेकंदच का? तर पूर्वी कागदावर पेनं चालायची, सेकंदाला १० मिलिमीटर वेगाने, आणि ३० सेंटीमीटरच्या एका पानावर बरोबर ३० सेकंद बसायचे. रात्रीला जवळजवळ ३०० मीटर कागद! कागद गेला, कॉम्प्युटर आला, पान तेच राहिलं. डीप स्लीप, म्हणजे एन३, कधी म्हणायची? तर त्या तुकड्यात संथ मोठ्या लहरी निदान २० टक्के वेळ असतील तर. हा नियम माणसांनी बसून ठरवलेला आहे, आणि दोन अनुभवी लोकांनी तीच रात्र वाचली तरी काही तुकड्यांवर त्यांचं जुळत नाही. मग मनगटावरच्या बँडने मिनिटांवर बोट ठेवून सांगावं, हे मला तरी पटत नाही.

तात्यांच्या बाबतीत कळीचा आकडा वेगळाच निघाला. श्वास १० सेकंद किंवा जास्त अडला की एक घटना, उथळ झाला आणि ऑक्सिजन घसरला तरी धरतात, आणि तासाला अशा किती ते मोजतात. पाचच्या खाली ठीक, तीसच्या वर गंभीर. तात्या तीसच्या वर. घसा ढिला पडून वाट बंद होते, मेंदू क्षणभर जागा होऊन ती उघडतो, सकाळी माणसाला यातलं काही आठवत नाही. म्हणून म्हणतो, बँडचा चार्ट बाजूला ठेवा आणि शेजारी झोपणाऱ्याला विचारा, काकीने हे सगळं फुकटात ओळखलं होतं.

आता सीपॅप मशीन आहे, मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं, १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हनने हा उपाय मांडला. पहिले काही दिवस तात्या मास्क ओढून काढायचे. आता अडचण फक्त पावसाळ्यात लाईट जाते तेव्हाची, म्हणून इन्व्हर्टर घेतला. मशीनमधला ह्युमिडिफायर, म्हणजे हवेला ओलावा देणारा भाग, आम्ही डॉक्टरांना विचारून बंदच ठेवलाय, करंट सगळ्यात जास्त तोच खातो, आणि जुलैत आमच्याकडच्या हवेला आणखी ओलावा कशाला हवाय!