आंजर्ल्याची पुळण, आसूदची वाडी: कॅमेरा घेऊन दोन दिवस

दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी खोली बघतात. किनाऱ्यावरचे पक्षी टिपायचे असतील तर आधी पंचांग उघडा. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. कोळीवाड्यातला हा जुना हिशोब. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पुनवेला-अवसेला सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो की वद्य, गणित तेच. मुंबईहून दक्षिणेकडे भरती जरा लवकर येते, तेव्हा पाव-अर्धा तास अलीकडे धरा.

आम्ही मार्गशीर्षातली शुद्ध द्वादशी धरली ती याचसाठी. ओहोटीला चिखले आणि तुतवार पाण्याच्या काठाशी, पार लांब ओल्या वाळूत चरत असतात. सहाशे मिलिमीटरची लेन्स लावली तरी फोटोत ठिपकेच येतात. भरती चढायला लागली की त्यांची चरायची जागा आकसते आणि थवा आपणहून आपल्याकडे सरकतो. एकादशी ते त्रयोदशी हे चढतं पाणी सकाळच्या उन्हात मिळतं. अवसेला मात्र पाणी वर येईतो अकरा वाजतात. तोवर वाळू तापते, तिच्यावरची हवा थरथरायला लागते आणि एकही फोटो धारदार येत नाही. लोक लेन्सला बोल लावतात, पण दोष तापलेल्या हवेचा असतो.

पुळणीचं तोंड पश्चिमेला. म्हणजे सकाळी ऊन आपल्या पाठीमागून, थेट पक्ष्यावर. फक्त मागच्या माडा-सुरूंमुळे ते वाळूवर उशिरा पोचतं, त्यामुळे उजाडताच जाऊन बसा आणि ऊन येईपर्यंत कॅमेरा खालीच ठेवा. पक्ष्यांना आपली सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. जोग नदीच्या मुखाकडची बाजू सगळ्यात चांगली. तिथे केंटिश चिखल्या, वाळूचिखल्या, तपकिरी डोक्याचे कुरव आणि सुरय अशी मिसळ असते.

थव्याकडे सरळ चालत जाऊ नका. तिरपं चाला, मध्येमध्ये थांबा, शेवटचे तीसेक मीटर बसून किंवा पोटावर सरका. चरणं थांबवून सगळ्यांनी माना वर केल्या की तिथेच थांबायचं. आणखी एक पाऊल टाकलंत तर थवा उठलाच. पूर्ण भरतीला हे पक्षी एका पायावर झोप काढतात. ती त्यांची विश्रांतीची वेळ आणि विसाव्याच्या जागाही मोजक्याच, तेव्हा उडताना फोटो हवा म्हणून त्यांना उठवणं हा सरळ अन्याय आहे.

पोटावर झोपल्यावर लेन्स टेकवायला जुनी परात न्या. तिच्यात तांदळाची छोटी पिशवी, पिशवीवर लेन्स. परात वाळूत रुतत नाही, पुढे ढकलता येते आणि कॅमेऱ्यात वाळू जात नाही. चरणाऱ्या पक्ष्याला सेकंदाचा १/१००० भाग पुरतो, उडत्या कुरवाला १/२००० लागतो. पांढरा कुरव गडद पाण्यावर असेल तर एक्स्पोजर पाऊण स्टॉप (स्टॉप म्हणजे उजेडाचं माप) कमी करा, नाहीतर पंखांचा तपशील धुऊन निघतो. तोच कुरव उजळ आभाळावर आला की उलट एक स्टॉप वाढवा. सुरूच्या शेंड्यावर समुद्री गरुडाचं घरटं दिसलं तर खाली घुटमळू नका, ड्रोन उडवू नका आणि जागेचा ठावठिकाणा फोटोसोबत टाकू नका.

किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही. परतल्यावर आधी फुंकणीने वाळू उडवा. थेट फडकं फिरवलंत तर तीच वाळू काच घासते. मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बाहेरून पुसा, नुसत्या कोरड्याने खार निघत नाही. एसीच्या खोलीत कॅमेरा ठेवला असेल तर सकाळी बंद बॅगेतच अर्धा तास बाहेर राहू द्या, नाहीतर लेन्सवर धुकं धरतं आणि पुसलं तरी परत येतं.

दुसरा दिवस आसूदला, केशवराजाच्या देवळाच्या वाटेवर. साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, ओलांडला की पोफळींची गर्द सावली, बाजूने खळाळणारे पाट आणि जांभ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या. चपलेचा तळ खडबडीत हवाच. साडेआठ ते अकरा फुलपाखरं पंख पसरून ऊन खातात. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका आणि कॅमेऱ्याची पाठ पंखांना समांतर धरा, नाहीतर एक पंख धारदार आणि दुसरा पुसट. १०० मिलिमीटरच्या मॅक्रोने एकास एक आकारात, लेन्सचं छिद्र एफ ११ ला ठेवून, धारदार पट्टा जेमतेम दीड मिलिमीटरचा मिळतो. फोकस डोळ्यावरच हवा. इथल्या सावलीत फ्लॅश लागतोच: १/२०० शटर आणि फ्लॅशपुढे पॅकिंगच्या पांढऱ्या फोमचे दोन थर. उघडा फ्लॅश भुंगेऱ्याच्या पाठीवर नुसता पांढरा डाग पाडतो.

ओंबिलांची, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्यांची, पानं शिवलेली घरटी दिसली की तिथे पंधरा मिनिटं द्या. त्या तांबड्या रांगेच्या कडेला एखादी ‘मुंगी’ वेगळी चालते: थबकते, मागे वळते. पाय मोजा, आठ भरले तर तो मुंगीचं सोंग घेतलेला उड्या मारणारा कोळी. पुढचे दोन पाय तो मिशांसारखे वर धरून हलवत असतो. समोरून पाहिलं की दोन मोठे गोल काळे डोळे थेट लेन्सकडे रोखलेले दिसतात. मुंगीचे डोळे असे नसतात. पान जोरात हललं की तो धागा सोडून खाली लटकतो, म्हणून पान हाताने धरू नका. ओंबील चावते ती वेगळीच. बाह्या मनगटापर्यंत आणि पँट मोज्यात खोचलेली बरी.

वाडी कुणाच्या तरी मालकीची असते. गडगा ओलांडण्याआधी घरात हाक मारून विचारा. बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत, उलट कालपासून कुठल्या लिंबाच्या झाडावर सुरवंट बसलाय तेही सांगतात.