दीड महिन्याचं इंजेक्शन आणि राहून गेलेली माझी तपासणी

लेकीचं लसीकरणाचं कार्ड मी अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. दीड महिन्याचा डोस, अडीचचा, साडेतीनचा, नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा. एकही तारीख चुकलेली नाही. त्याच पिशवीत माझं डिस्चार्ज कार्ड होतं. त्यावर खालून दुसऱ्या ओळीत, घाईच्या अक्षरात लिहिलेलं होतं : ‘६ आठवड्यांनी जीटीटी’, म्हणजे ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी. ती ओळ मी वाचली तेव्हा लेक रांगत होती.

सव्विसाव्या आठवड्यात पुण्यात ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी रक्त दिलं होतं. आकडा आला १६८. १४० किंवा त्याच्या वर गेला की गरोदरपणातला मधुमेह धरतात. मला इन्शुलिन लागलं नाही, खाण्यापिण्यावर भागलं. बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी ८८ आली. ‘गेली बरं का शुगर’ असं वॉर्डात कुणीतरी म्हणालं, आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढे काय करायचं ते कुणी तोंडाने सांगितलं नाही. याचा मला आजही राग येतो.

मग कराडला माहेरी. आईने तुपात डिंक फुलवला. कढईत एकेक खडा टाकायची, तो पांढरा होऊन वर आला की झाऱ्याने काढायची. खारीक, खोबरं, खसखस, गोडंबी आणि वर भरपूर गूळ. सकाळी लाडू आणि अळिवाची खीर, रात्री मऊ भात. शुगर गेली असं सांगितल्यावर तिने हात का आखडता घ्यावा? तिने मायेनेच केलं होतं सगळं.

नऊ महिन्यांच्या डोसला गेलो तेव्हा कार्ड शोधताना ती ओळ दिसली. आठवड्यात तपासणी केली. उपाशीपोटी १०८, दोन तासांनी १६२. मधुमेह नव्हे, पण त्याच्या उंबरठ्यावर. मी म्हटलं, माझं वजन तर ५६ किलो आहे! डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. गरोदरपणात वारेतून येणारी संप्रेरकं इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात. शरीराला जास्त इन्शुलिन बनवावं लागतं. वार पडली की तो भार उतरतो, आकडे लगेच खाली येतात. पण हा भार जिला पेलला नाही, तिच्याकडची शिल्लक मुळातच कमी आहे, हे तेव्हाच कळलेलं असतं. अशा बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा सात ते दहा पट असते. आणि बारीक दिसणाऱ्या आपल्या लोकांच्या अंगात चरबी कशी जास्त असते, हे पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी कित्येक वर्षांपूर्वी दाखवलंय. मला ते तोवर माहीत नव्हतं.

म्हणून एकच सांगते. बाळाच्या दीड महिन्याच्या इंजेक्शनची जी तारीख, तीच तुमच्या तपासणीची. दोन्ही सहा आठवड्यांनीच असतात. रात्री जेवून सकाळी उपाशीपोटी जायचं, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तास तिथेच बसायचं. बाळाला सोबत न्या, मधे दूध पाजता येतं. घरातलं एक माणूस बरोबर हवं. नुसती एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करून घेऊ नका. बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, त्यामुळे तो आकडा त्या काळात भरवशाचा नसतो. आकडे चांगले आले तरी दरवर्षी एकदा तपासा, दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर त्याआधीसुद्धा.

खाण्यात मी फार उलथापालथ केली नाही, करणं जमलंही नसतं. ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ, भाकरी दीडच, भात दुपारी वाटीभर. रात्री पाजायला उठले की भूक सपाटून लागायची आणि हात बिस्किटांच्या डब्याकडे जायचा. त्या डब्यात फुटाणे भरून ठेवले. अळीव आता बिनगुळाच्या दुधात भिजवते, चार दिवसांत जिभेला सवय झाली. जेवल्यावर लेकीला कडेवर घेऊन गच्चीवर पंधरा मिनिटं चालते, कारण चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात. अंगावर पाजणं मी दीड वर्ष चालू ठेवलं, त्यानेही धोका कमी होतो. झोपेचं मात्र काही करता आलं नाही.

वर्षाने आकडे आले ९६ आणि १३४, दोन्ही नॉर्मल. रिपोर्ट हातात घेऊन मी लॅबच्या पायरीवरच बसले आणि आईला फोन लावला.

आता वहिनीला सातवा महिना आहे, तिचीही शुगर निघाली. परवा आईचा फोन आला. पंचांग आणि चष्मा घेऊनच बसली होती. म्हणाली, “तिला डॉक्टरांनी २० तारीख दिलीय, तर दीड महिना कधी भरतो गं? तेवढं बघून सांग, मी भिंतीवर लिहून ठेवते.”