मालाची गाडी ऑनलाइन घेताना: घनमीटर, थांबे आणि इंजिनाचे तास

ऑनलाइन खरेदीमुळे गाडीत भरला जाणारा माल बदलला, आणि गाडी घ्यायची रीतही बदलली. व्हॅन, टेम्पो, ट्रक आता स्क्रीनवर बघून ठरवले जातात. अडचण अशी, की जाहिरातीत ठळक दिसणारे पेलोड (गाडी किती वजनाचा माल वाहू शकते), अश्वशक्ती आणि मायलेजचे आकडे पार्सलच्या धंद्यात अर्धंच सांगतात. उरलेलं तुम्हालाच विचारून घ्यावं लागतं.

आधी घनमीटर. घरपोच जाणारा माल बहुतेक हलका आणि फुगीर असतो. ६० × ४० × ४० सेंमीचा खोका म्हणजे ९६,००० घन सेंमी. कुरिअरच्या प्रचलित हिशेबाने ५,००० ने भागलं की १९.२ किलोचं भाडं लागतं, आत उशी असली तरी. आता १० घनमीटर जागेची, १,२०० किलो पेलोडची व्हॅन घ्या. खोके एकसारखे नसतात आणि आत हात घालायला वाट लागते, म्हणून ७० टक्केच जागा धरा: ७ घनमीटर. माल घनमीटरला १०० किलो भरत असेल, तर ७०० किलोलाच गाडी फुल्ल. उरलेल्या ५०० किलोंसाठी मोजलेले पैसे रोज रिकामे फिरतात. अशा कामाला जास्त पेलोडपेक्षा उंच छप्पर आणि बाजूचा सरकता दरवाजा कितीतरी उपयोगी. लांब व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) घेणार असाल तर वळायला किती जागा लागते ते आधी बघा. अरुंद गल्लीत तिथेच वेळ जातो. फरशा किंवा पाण्याचे कॅन वाहणाऱ्यांचा हिशेब मात्र नेमका उलटा, त्यांनी वजनच बघावं.

मोठ्या ट्रकला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. शेवटच्या थांब्याचा माल केबिनकडे आणि पहिल्याचा दाराशी भरतात. मागचा माल उतरत जातो तसं एकूण वजन घटतं, पण मागच्या ॲक्सलच्या पलीकडचा भार गेल्यामुळे पुढच्या ॲक्सलवरचं वजन वाढतं. सकाळी काट्यावर बरोबर असलेली गाडी दुपारी पुढच्या ॲक्सलला ओव्हरलोड निघू शकते. म्हणून जड माल दोन्ही ॲक्सलच्या मध्ये ठेवा, मग थांब्यांचा क्रम लावा.

दिवसाला शंभर थांबे घेणाऱ्या गाडीची झीज हायवेच्या गाडीसारखी होत नाही. सेल्फ, बॅटरी, क्लच, ब्रेक लायनर, सरकत्या दरवाजाचे रोलर आणि ड्रायव्हरच्या सीटची कड आधी जाते. डिझेलमध्ये सगळ्यात महाग दुखणं काजळीच्या फिल्टरचं, म्हणजे डीपीएफचं. साठलेली काजळी जाळायला फिल्टरमध्ये साधारण ५५० ते ६०० अंश तापमान लागतं, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग चालावी लागते. दर दोन मिनिटांनी इंजिन बंद झालं की हे जाळणं अर्धवट राहतं. बऱ्याच इंजिनांत त्यासाठी जादा डिझेल सिलिंडरमध्ये सोडतात. ते न जळता ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ऑइल पातळ झालंय असं समजा आणि ताबडतोब बदला. पुढचा बळी बेअरिंगचा असतो.

याच कामाला इलेक्ट्रिक व्हॅन छान जमते. थांबताना ब्रेकची ऊर्जा परत मिळते, रोजचा मार्ग ठरलेला असतो आणि रात्री गाडी एकाच जागी उभी असते. ६० किलोवॅट-तासाची बॅटरी ७.४ किलोवॅटच्या चार्जरवर रिकामी ते फुल्ल व्हायला नऊएक तास घेते. पण अशा सहा गाड्या एकदम लावल्या की ४४.४ किलोवॅटचा लोड होतो. तेवढं वीज कनेक्शन मंजूर व्हायच्या आत गाड्या बुक करू नका.

जुनी गाडी ऑनलाइन घेताना फोटोंवर भुलू नका, इंजिनाचे तास, म्हणजे इंजिन एकूण किती तास चाललंय तो आकडा, मागा. १,२०,००० किलोमीटरला २,४०० तास असतील तर सरासरी वेग ५० येतो, म्हणजे गाडी लांब पल्ल्यावर चालली आहे. तेवढ्याच किलोमीटरला ८,००० तास असतील तर सरासरी १५; हे इंजिन किलोमीटर सांगतात त्याहून खूप जास्त झिजलं आहे, किंमत त्याच हिशेबाने पाडून मागा.

पहिल्या स्टार्टचा व्हिडिओ मागवताना इंजिन गार असल्याचं दिसलं पाहिजे, म्हणून सुरुवात मीटरवरच्या तापमानापासून करायला सांगा. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडल्यावर धूर जोराने फेकला जात असेल तर पिस्टन-रिंग झिजल्याची शंका घ्या. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. चासीचे फोटो खालून घ्यायला लावा, विशेषतः पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) ब्रॅकेटजवळचे. बाकी चासी जुनी आणि एवढ्याच भागाला ताजा रंग असेल, तर खाली वेल्डिंग असण्याची शक्यता मोठी.

चासी नंबरचा फोटो चासीवर कोरलेल्या जागेचाच हवा, कागदाचा नको. १७ अक्षरांच्या या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू वापरतच नाहीत. त्यातलं एखादं दिसलं तर वाचण्यात तरी चूक आहे, नाहीतर नंबरात. टोकन भरायच्या आधी तो कागदांशी अक्षर न् अक्षर जुळवा, आणि उरलेली रक्कम आपल्या मेकॅनिकने गाडी प्रत्यक्ष बघितल्यावरच द्या.