झोळी बघून ठरलेला गुन्हेगार

रविवार, रात्र

दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आला. मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात शिरलीय, साधू-भिकाऱ्यांच्या वेशात फिरतेय, ताबडतोब सगळ्या ग्रुपवर टाका. ना तारीख, ना पोलीस ठाण्याचं नाव. नुसतं ‘आपल्या भागात’, म्हणजे चिपळूणलाही चालतं आणि चंद्रपूरलाही. खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि वॉचमनला तंबी.

मला राईनपाडा आठवलं. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे पोचले होते. त्यांच्यातला कुणीतरी एका लहान मुलीशी बोलला म्हणे. तेवढं पुरलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने पाचही जणांना ठार मारलं. त्याच रात्री मालेगावात पोलिसांनी आणखी पाच जणांना गर्दीच्या तावडीतून सोडवलं. त्यांच्याबरोबर त्यांचं स्वतःचं लहान मूल होतं. आणि लोकांना तोच पुरावा वाटला!

त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ मीही पाहिला होता. गल्लीत पोरं खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघे येतात, एकाला उचलतात आणि पसार. मूळ फिल्म कराचीतली, हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने जनजागृतीसाठी केलेली. तिच्यात ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. कुणीतरी तेवढाच शेवट कापला. सरकारने डोळे वटारल्यावर व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. ठीक आहे. पण ती मर्यादा बोटाला, डोक्याला नाही.

कारण हे फोनच्या आधीपासूनचं आहे. ‘जेव, नाहीतर बुवा झोळीत घालून नेईल’ हे ऐकत आपण वाढलो, आणि आपल्या पोरांनाही तेच सांगतो. या मेसेजमधला चोर कधी शर्ट-पँट घालून चारचाकीतून उतरत नाही. तो नेहमी झोळीवाला, पालात राहणारा, परक्या बोलीचा. उद्या कुणी लिहिलं की सोसायटीतले सीए मुलं पळवतात, तर लोक हसतील. साधूचं लिहिलं की गेट बंद.

मग पालघर. १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊन, गडचिंचले. अंत्यविधीला सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाने मारले. चोर आले, मुलं पळवणारे आले, अशा अफवा त्या भागात आधीच पसरल्या होत्या. इथवर राईनपाड्याचीच गत. पण पुढे शहरांतल्या शिकलेल्या लोकांनी केलं ते मला जास्त झोंबतं. घटनेच्या व्हिडिओत कुणीतरी ‘ओए बस’ ओरडतो, त्याचं यांनी ‘शोएब’ ऐकलं आणि आरोपींचा धर्म परस्पर ठरवून टाकला. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना सांगावं लागलं की अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही. अफवेने माणसं मारली म्हणून हळहळायचं, आणि त्याच दमात दुसरी अफवा पुढे ढकलायची!

ग्रुपवर मी एवढंच विचारलं, कुठल्या ठाण्यात तक्रार आहे? बराच वेळ शांतता. मग वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ‘अहो, सावध राहायला काय जातं?’

आपलं काही जात नाही, काकू. राईनपाड्यात ज्यांचं गेलं त्यांची पालं मंगळवेढ्याकडे आहेत, असं लिहिलं आणि पाठवलं. सेक्रेटरींनी त्याच्याखाली पाण्याच्या टँकरची वेळ टाकली.