तुम्ही विचारलंत म्हणून: वाईट वाटतं का?

मी फोटोग्राफी शिकतेय असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "सगळ्या वर्गासमोर तुमच्या फोटोंच्या चुका काढतात ना? वाईट नाही वाटत?"

वाटतं. पहिल्यांदा तर घरी येईपर्यंत डोळे भरलेले होते.

आमच्याकडे प्रिंट भिंतीवर लागते आणि पहिली दहा मिनिटं जिचा फोटो तिने तोंड उघडायचं नाही. मी मावशीचं पोर्ट्रेट लावलं होतं. खिडकीचा उजेड एका बाजूने, सावलीतल्या गालावर उजेडाचा छोटासा त्रिकोण, ज्याला रेम्ब्राँ लायटिंग म्हणतात तो अगदी नीट जमलेला. डोळ्यांत खिडकीचा ठिपका. मला वाटत होतं, आता कौतुक होणार.

कोणीतरी म्हणालं, "उजेड सुंदर आहे, पण दुसरा डोळा धूसर का?" मग मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "खांदे बघा ना. त्या श्वास रोखून बसल्यात."

खरंच होतं ते. ८५ मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर १.८ (म्हणजे लेन्सचं भोक भरपूर उघडं), मी दीड मीटरवर. एवढ्या अंतरावरून जेमतेम तीन सेंटिमीटरचा पट्टा शार्प येतो. मावशी जरा हलली की फोकस जायचा, म्हणून मी दर दोन मिनिटांनी "हलू नकोस गं" म्हणत होते. मागची भिंत विरघळावी या हौसेपायी मी तिला पुतळा करून ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी तिला पुन्हा बसवलं. अ‍ॅपर्चर ५.६ केलं, म्हणजे भोक लहान केलं, की शार्प पट्टा रुंद होतो. उजेड जवळपास दहा पटींनी कमी झाला, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १६०० पर्यंत नेला. फोटोत दाणे आले, येऊ देत. या वेळी तिला शाळेतल्या मैत्रिणीबद्दल विचारलं आणि ती बोलता बोलता पुढे झुकली. हे पोर्ट्रेट तिने स्वतःहून मागून घेतलं.

अर्थात सगळंच ऐकायचं नसतं. ब्रिटिश फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना पहिला कॅमेरा १८६३ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी मिळाला. त्यांच्या मऊ फोकसवर त्या काळातल्या फोटोग्राफरांनी सडकून टीका केली, त्यांनी तो सोडला नाही. आज ते चेहरे पाहताना टीकाकारांची नावंही आठवत नाहीत.

पण मला जास्त वाईट वाटतं ते दुसऱ्याच्या फोटोवर मी घाईने बोलते तेव्हा. एका वर्गमित्राने आजोबांचा फोटो आणला होता. वाइड लेन्स, फार जवळून घेतलेला, त्यामुळे नाक मोठं आणि कान मागे गेलेले. मी म्हटलं, "दोन पावलं मागे गेला असतास तर चेहरा बिघडला नसता." सगळ्यांनी माना डोलावल्या.

दहा मिनिटं संपल्यावर तो म्हणाला, "आजोबांना स्वतःच्या हाताने खाता-पिता येत नाही. मी रोज भरवतो. मला ते एवढ्याच अंतरावरून दिसतात."

मी पुन्हा प्रिंटकडे पाहिलं. हनुवटीवर पाण्याचा एक थेंब होता. तो मला आधी दिसलाच नव्हता.