ती ओळ मीच टाईप केली होती

मी भाडेकरार रजिस्टर करून देते, ऑनलाईन, घरी येऊन. सॅकमध्ये लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन, स्कूटीवर पुण्यात धायरी ते वारजे, आणि काम बहुतेक संध्याकाळी सातनंतरच कारण मालक आणि भाडेकरू दोघं एकत्र तेव्हाच सापडतात. लोकांना वाटतं हे टायपिंगचं काम आहे. टायपिंगला अर्धा तास लागतो, बाकी सगळा वेळ सर्व्हर आणि अंगठे खातात.

अंगठ्यांचं सांगायलाच पाहिजे कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. आधारला अंगठा मॅच झाला नाही तर करार पुढे सरकत नाही, आणि ज्यांचे हात कामाला जास्त लागतात त्यांचेच अंगठे मशीन घेत नाही. गवंडीकाम करणारे, धुणीभांडी करणाऱ्या मावश्या, म्हातारी माणसं, आणि नर्स. नर्सचे हात दिवसभर सॅनिटायझर, साबण आणि ग्लोव्हज यात असतात, रेषा अक्षरशः पुसट होतात. मी सॅकमध्ये खोबरेल तेलाची छोटी बाटली ठेवते, थेंबभर चोळायचं, पुसायचं, परत ठेवायचं, नाही झालं तर दुसरं बोट.

गेल्या ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या पंधरा दिवस आधी एक फोन आला. "ताई, ओळखलं का, तुम्ही माझ्या अंगठ्याला तेल लावलं होतं." लगेच ओळखलं. २०२३ च्या एप्रिलमधला करार, एका खाजगी हॉस्पिटलमधली स्टाफ नर्स, गावाकडून आणलेली आई सोबत, वन बीएचके. तिचा अंगठा सातव्यांदा लागला होता, रात्रीचे साडेनऊ वाजले होते, तिला दहाला नाईटला पोचायचं होतं.

या नर्स ताईंनी घर सोडून दोन महिने उलटून गेले होते आणि ५०,००० डिपॉझिटमधला एक रुपया आला नव्हता. मालक म्हणजे काका, माझे जुने क्लायंट, तीन फ्लॅट आहेत त्यांचे. काकांचं म्हणणं असं की पेंटिंगचे एक महिन्याचं भाडं म्हणजे १७,०००, गिझर खराब केला त्याचे ४,५००, साफसफाई वेगळी, सगळं बिल आलं की हिशोब करू. ते बिल काही येत नव्हतं.

मी म्हटलं आधी मला तुमचं चॅट दाखवा. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून थेट माझ्याकडे आल्या. मोजले मी, ४७ मेसेज आणि नऊ व्हॉइस नोट. "काका प्लीज बघा ना", "आईचं ऑपरेशन आहे", "आमच्या कष्टाचा पैसा आहे", "तुम्ही असं करू शकत नाही", मग रात्री दोन वाजता एक खूप लांब रागाचा मेसेज, आणि सकाळी "सॉरी काका". काकांचं उत्तर फक्त "बघतो" आणि अंगठा. ४७ मेसेजमध्ये घर कुठल्या तारखेला सोडलं ते एकदाही नाही, नेमके किती पैसे परत हवेत ते नाही आणि कधीपर्यंत हवेत तेही नाही. मला राग आला, त्यांचा नाही, पण आपण सगळेच असं करतो याचा. भांडण करतो, विनवण्या करतो, आणि कामाच्या चार गोष्टी कागदावर एकदाही लिहीत नाही. समोरच्याला "बघतो" म्हणायची सोय आपणच करून देतो.

पत्र लिहायचं ठरलं. हे माझं रोजचं काम नाही, पण गेल्या सहा वर्षांत अशी वीसेक पत्रं तरी मी भाडेकरूंना लिहून दिली असतील, पैसे घेत नाही त्याचे. वकिलाची नोटीस ताकदीची असते पण ती गेली की समोरचाही वकील गाठतो आणि ५०,००० साठी दोघं दोन वर्षं फिरतात. आधी साधं पत्र, भाडेकरूच्या स्वतःच्या सहीचं. त्यात एकही विशेषण नको. "अन्यायकारक", "बेकायदेशीर", "माणुसकीला काळिमा" असलं काही आलं की वाचणारा त्या शब्दावर भांडत बसतो आणि आकडा बाजूला राहतो.

असं लिहिलं:

"दिनांक ३१ जुलै २०२५ रोजी संध्याकाळी ६ वाजता फ्लॅटच्या दोन्ही चाव्या आपल्या हाती दिल्या. त्या वेळचं वीज मीटरचं रीडिंग सोबतच्या फोटोत आहे. अनामत रक्कम रु. ५०,०००. शेवटचं वीजबिल रु. १,१४० त्यातून वजा करण्यास माझी हरकत नाही. बाकी रु. ४८,८६० हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत खालील खात्यावर जमा करावेत. त्यानंतर या रकमेवर मी व्याजाची मागणी करणार आहे."

आपण जे देणं लागतो ते आपणच आधी लिहायचं, ते १,१४०. त्याने पत्र वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस हिशोबाला बसलाय, भांडायला नाही. आणि व्याजाचं वाक्य शोभेचं नाही. १९७८ च्या व्याज कायद्यात आहे की व्याज मागणार असं लेखी कळवलं असेल तर पत्रात दिलेल्या तारखेपासून कोर्ट व्याज धरू शकतं. तोंडी शंभर वेळा सांगितलं तरी त्याला तारीख नसते.

मग पेंटिंगचा मुद्दा. त्यासाठी मी लॅपटॉपवर २०२३ चा करार उघडला. कलम ८ मध्ये आमच्या ड्राफ्टचं नेहमीचं वाक्य, सर्वसाधारण वापराने होणारी झीज सोडून बाकी नुकसान भाडेकरूने भरून द्यावं. बरोबर आहे, मी मनात म्हटलं, भिंतीचा रंग जुना होणं म्हणजे झीजच. आणि खाली गेले तर कलम १४, "घर सोडताना पेंटिंगपोटी एक महिन्याचे भाडे अनामत रकमेतून कापून घेण्यात येईल."

मला ते आठवतच नव्हतं. जुने मेसेज काढून बघितले तेव्हा सापडलं, ब्रोकरने करारादिवशी दुपारी पाठवलं होतं, "ताई ही एक लाईन ॲड करा मालक म्हणतायत". मी कॉपी करून पेस्ट केलं. रात्री ताईंच्या घरी अंगठा लागेना तेव्हा मी अटी वाचून दाखवायचं सोडून दिलं. एरवी मी भाडं, डिपॉझिट, मुदत, नोटीस पिरियड एवढं तरी वाचते. त्या दिवशी फक्त "सगळं नेहमीसारखंच आहे" असं म्हणाले. हे वाक्य माझंच आहे, मला स्पष्ट आठवतं, कारण ते मी नेहमी म्हणते.

ताई समोर बसलेल्या होत्या, रात्रभर जागलेल्या. मी सांगितलं त्यांना, ही ओळ मी टाईप केली होती आणि तुम्हाला वाचून दाखवली नव्हती. त्या म्हणाल्या, "तुम्ही तर लिहिलंच होतं ताई, वाचायचं माझं काम होतं." त्या शिव्या देत्या तर बरं वाटलं असतं.

मग चहा केला आणि दोघी फोटो शोधत बसलो. इथे ताईंनी वाचवलं, म्हणजे त्यांच्या आईने. १ जून २०२२ ला, म्हणजे मी केलेल्या कराराच्याही आधी, त्या पहिल्यांदा राहायला आल्या तेव्हा आई गावाला होती, तिला दाखवायला म्हणून त्यांनी सगळ्या घराचे फोटो पाठवले होते. आईच्या फोनमध्ये ते तारखेसकट तसेच होते. त्यात बेडरूमच्या दाराशेजारच्या भिंतीचा एक फोटो. आधी राहून गेलेल्या कुटुंबातल्या कुठल्या तरी पोराची उंची मोजून पेन्सिलने रेघा मारलेल्या, प्रत्येक रेघेपुढे वर्ष. सगळ्यात खाली २०१८, मग १९, मग २०, आणि सगळ्यात वरची २०२१. फोटोखाली ताईंनी आईला लिहिलं होतं, "बघ किती भराभर वाढलंय लेकरू."

म्हणजे २०१८ पासून त्या भिंतीला रंग लागलेला नव्हता, आणि काका २०२५ मध्ये ताईंकडून रंगाचे १७,००० मागत होते. आम्ही तो फोटो जोडला आणि खाली एवढंच लिहिलं, "मी राहायला आले तेव्हा फ्लॅटला नवा रंग दिलेला नव्हता, सोबतच्या फोटोतील भिंतीवर २०१८ सालची खूण दिसते."

अजून एक गोष्ट होती. मी केलेला करार ३१ मार्च २०२४ ला संपला, ११ महिन्यांचा. त्यानंतर काकांनी भाडं १६ चं १७ हजार केलं आणि नवीन करार केलाच नाही. मी तेव्हा त्यांना दोनदा फोन केला होता, काका करून घ्या. ते म्हणाले होते की दर वर्षी कुठे पैसे घालवायचे, मुलगी चांगली आहे. स्टॅम्प ड्युटी किती असते सांगते, एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून मिळवायचं, म्हणजे या घराला पाचशेच्या आसपास, वर १,००० नोंदणी फी. तेवढ्यासाठी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, करार लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. आणि रजिस्टर केलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. त्याच कलमात मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्हीही आहे.

ताईंना वाटत होतं हे मोठ्या अक्षरात लिहावं. मी नाही म्हटलं. कैदेची धमकी घातली की माणूस घाबरून वकिलाकडेच जातो. एकच ओळ घातली, "१ एप्रिल २०२४ पासून आपल्यात नोंदणीकृत करार नाही, कलम ५५ नुसार अटींबाबत माझं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, आणि पेंटिंगपोटी कपातीस माझी संमती नव्हती." गिझरसाठी दुरुस्तीच्या बिलाची प्रत मागितली. पत्र एक पान, फोटो दोन पानं. त्या दिवशी दुपारीच पोस्टात गेलो. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं त्यामुळे खिडकीवर नीट सांगून पोचपावती लावून घेतली, करारातल्या पत्त्यावर. तेच पीडीएफ व्हॉट्सॲपवर, सोबत काही मेसेज न लिहिता. आणि ताईंना सांगितलं आता पंधरा दिवस एकही मेसेज करायचा नाही. हे त्यांना सगळ्यात अवघड गेलं.

मी पत्रावर कुठेही नव्हते. पण चौथ्या दिवशी काकांचा फोन मला आला. "हे तू लिहिलंयस ना? तुझ्या करारासारखंच दिसतंय." खरं होतं, फॉन्ट तोच, मांडणी तीच. मी म्हटलं हो काका, मी लिहून दिलं. ते बराच वेळ गप्प होते, आणि मग म्हणाले, "माझे पाच करार तू केलेस. मला आधी एक फोन तरी करायचास." माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाहीये. फोन केला असता तर कदाचित पत्राशिवायच मिटलं असतं, काका वाईट माणूस नाहीत, मला दिवाळीत फराळ देतात. पण मग ताईंचे पैसे माझ्या ओळखीवर मिळाले असते, आणि ज्या भाडेकरूची माझ्याशी ओळख नाही त्याचं काय. आणि हेही खरं की मी दोन्ही बाजूंचे पैसे घेऊन करार करते आणि त्यात मालकाने पाठवलेली ओळ मुकाट्याने घालते, तेव्हा मला भाडेकरूला आधी फोन करावासा वाटला नव्हता.

धनत्रयोदशीला ताईंच्या खात्यात ४४,३६० आले, गिझरचे ४,५०० कापून. बिलाची प्रत आली नाही. मी म्हटलं अजून एक छोटं पत्र पाठवू, ताई नको म्हणाल्या, आईच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती.

काकांचं काम त्यानंतर मला आलं नाही. त्या ब्रोकरचंही बंद झालं, ते मला फार लागलं नाही. दोन्हीकडून एकेका महिन्याचं भाडं घेतात आणि चावी दिल्यावर फोन उचलत नाहीत अशा लोकांच्या कामावर मी इतकी वर्षं का अवलंबून राहिले याचंच वाईट वाटलं. आता पेंटिंगची ओळ कोणी घालायला सांगितली तर मी ती पहिल्या पानावर डिपॉझिटच्या आकड्याखाली ठळक घालते आणि अंगठ्याच्या आधी मोठ्याने वाचते. घरात आत्ता रंग कसा आहे तेही लिहा म्हणते. दहापैकी सहा मालक तिथेच म्हणतात की मग राहू दे ती ओळ.

पण जुने करार आहेतच. लॅपटॉपवर ते वाक्य टाकून शोधलं तर ६१ फाईल निघाल्या. त्यातले अकरा करार अजून चालू आहेत. सगळ्यात आधी संपणारा ३१ जानेवारीचा, नऱ्हेला राहणारा एक मुलगा, आयटीआय करून कंपनीत लागलेला. परवा त्याला फोन केला आणि विचारलं, तू राहायला आलास तेव्हाचे भिंतींचे काही फोटो आहेत का रे? तो म्हणाला, तेव्हाचा मोबाईल फुटला ताई, मित्राकडे असतील बहुतेक, विचारतो.